बाजीचा लाल डोळा: धुळीचा समजलो, निघाला लिम्फोमा

गुलमोहर_राजेंद्रनगर
१४ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी इथे नेहमी नुसती वाचत असते, धागा काढायची ही पहिलीच वेळ. आमचा बाजी, लॅब्रॅडॉर, वय ७ वर्षं, वजन ३४ किलो. इंदुरातच राजेंद्रनगरला राहतो आम्ही. काल संध्याकाळी त्याच्या मानेतल्या गाठीच्या सुईच्या तपासणीचा रिपोर्ट आला. लिम्फोमा, म्हणजे अंगातल्या लसीका गाठींचा कॅन्सर. पण दुखणं सुरू झालं ते डोळ्यापासून, आणि तीन आठवडे आम्ही घरातले सगळे त्या डोळ्याकडेच बघत बसलो. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात उजवा डोळा लाल दिसला. त्या दिवसांत रोज दुपारी आंधी सुटायची, बाजी गॅलरीत झोपतो, त्यामुळे धूळच गेली असणार असं सगळ्यांचं मत पडलं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानेही फोटो बघून सांगितलं, "धूल का है भाभी, दो दिन में ठीक हो जाएगा." सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे थेंब घरात उरले होते, तेच मी चार दिवस घातले. लाली उतरली. वाटलं, झालं.

आठवड्याने परत लाल. या वेळी तो उजेडात डोळा मिटून घ्यायला लागला, पाणी गळायला लागलं, काळ्या भागावर निळसर धुकं आल्यासारखं दिसायला लागलं. दवाखान्यात नेलं. तिथे गोचीड ताप म्हणून डॉक्सिसायक्लिन सुरू केलं आणि जोडीला स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. रक्त तपासलं नाही, अंगावरून हात फिरवला नाही. त्याच रात्री डाव्या डोळ्यात खालच्या बाजूला लाल रेघ दिसली. टॉर्च लावून बघते तर डोळ्याच्या आत रक्त, वाटीत साका बसावा तसं तळाशी साचलेलं.

दुसऱ्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी डोळा नंतर बघितला. आधी जबड्याखाली दोन्ही हात घातले, मग खांद्यापुढे, मग मागच्या गुडघ्यांच्या पाठीमागे. आणि माझा हात धरून तिथे ठेवला. "लागतंय का हाताला?" लागत होतं. एकेक गाठ लिंबाएवढी. रोज ज्याची मान मी खाजवते त्याच्या मानेत. पट्टा घालताना हाताला कधी लागलंच नाही, की लागलं आणि मी लक्ष दिलं नाही, हे मला अजून उमगत नाही.

स्टिरॉइडची गोळी दिली का, हे त्यांनी दोनदा विचारलं. दिली नव्हती. मग म्हणाल्या, नमुना घेईपर्यंत एकही देऊ नका.

रक्तात प्लेटलेट जराशा कमी, कॅल्शियम ठीक, गोचीड तापाची तपासणी निगेटिव्ह. डोळ्यातलं प्रेशर उजवीकडे ६, डावीकडे ८. बुबुळावर जखम नाही, जखमेवर हिरवा रंग चढवणारी पट्टी लावून बघितली.

मला विचारायचं आहे ते असं. डोळ्यात कॅन्सर जातोच कसा? त्याला दुखतंय का? डोळे वाचतील का? आणि इंदुरात कोणी कुत्र्याला किमो दिली आहे का?

छप्पनच्या_मागे
१४ जून, रात्री १०:१५

ताई, वाचून गलबललं. आमच्या जर्मन शेफर्डचे दोन्ही डोळे असेच लाल झाले होते तेव्हा तो खरंच गोचीड ताप निघाला आणि औषधाने साफ बरा झाला. म्हणून विचारतो, एकदाच्या निगेटिव्हवर भरवसा ठेवायचा का? इथे महू_मास्तर काका आहेत, त्यांनी बघायला हवं हे.

महू_मास्तर
१५ जून, सकाळी ६:५०

बाजीची ताई, सावकाश वाचा. उत्तर लांबणार आहे.

आधी डोळ्यात जातो कसा ते. डोळ्याच्या आत मधला एक थर असतो, युव्हिया. द्राक्षाला लॅटिनमध्ये 'उवा' म्हणतात, त्यावरून आलेलं नाव. बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, त्यामागची भिंग धरून ठेवणारी कडी आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यामागचा थर, कोरॉइड, हे तिन्ही मिळून युव्हिया. सगळा थर रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला. शरीरात दुसरीकडे झालेल्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून फिरतात, आणि जिथे रक्त खूप आणि वाहिन्या बारीक, तिथे अडकतात, रुजतात. फुप्फुस, यकृत ही त्यांची नेहमीची ठिकाणं. डोळा हे तसंच एक, फक्त लहान. फरक इतकाच की यकृतात रुजलेलं आपल्याला दिसत नाही आणि डोळ्यातलं खिडकीत ठेवल्यासारखं समोर दिसतं.

कुत्र्यात आणि मांजरात, दोघांतही, बाहेरून डोळ्यात येणाऱ्या कॅन्सरमध्ये पहिला नंबर लिम्फोमाचा. अंगभर गाठी येणाऱ्या लिम्फोमात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कुत्र्यांच्या डोळ्यांत काही ना काही खूण सापडते. त्यामागून कुत्र्यांत स्तनांचा कर्करोग, रक्तवाहिन्यांचा हिमँजिओसार्कोमा, तोंडातला मेलॅनोमा, म्हणजे काळा रंग बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर, वगैरे येतात. मांजरांत फुप्फुसाचा आणि स्तनांचा.

बाजीचे दोन्ही डोळे बिघडले, ही खूण मोठी. एकाच डोळ्याला धूळ, काटा, मार असू शकतो. दोन्ही डोळे आतून लाल झाले तर दुखणं बहुतेक वेळा डोळ्याचं नसतं, अंगातलं असतं. आमच्या महूच्या व्हेटरनरी कॉलेजात पोरांना मी सांगायचो, दोन्ही डोळे लाल असतील तर डोळ्याकडे पाठ करा आणि शेपटीकडून तपासायला सुरुवात करा.

आता छप्पनवाले, तुमचं. बरोबर विचारलंत. आपल्या माळव्यात गोचीड बारमाही, आणि त्या तापाचा जंतू, एर्लिकिया, डोळ्यात हुबेहूब हेच चित्र उभं करतो: आतली सूज, प्लेटलेट घसरल्यामुळे रक्त, कधी मागच्या पडद्यातही रक्तस्राव. त्या तापात गाठीही थोड्या सुजतात. त्यामुळे पहिल्या डॉक्टरांना जी शंका आली ती चुकीची नव्हती. तपासलं नाही, तेवढं चुकलं. एर्लिकियातल्या गाठी सहसा लिंबाएवढ्या होत नाहीत, आणि सुईच्या नमुन्यात सगळीकडे एकसारख्या मोठ्या, कोवळ्या पेशी दिसत नाहीत. रिपोर्टमध्ये तसं लिहिलं असेल तर निदान पक्कं समजा. पीसीआर, म्हणजे रक्तात जंतूचा अंश शोधणारी तपासणी, मात्र करून घ्या, दोन्ही आजार एकाच कुत्र्यात असू शकतात.

स्टिरॉइडबद्दल. प्रेडनिसोलोन लिम्फोमाच्या पेशी मारतं. ऐकायला चांगलं वाटतं, पण एकट्याने दिलं तर गाठी आठवड्यात विरघळल्यासारख्या होतात, नमुना नीट मिळत नाही, आणि ज्या पेशी जगतात त्या पुढच्या किमोलाही दाद देईनाशा होतात. बाईंनी दोनदा विचारलं ते त्यासाठी. थेंबांची गोष्ट वेगळी. डोळ्यातली सूज उतरवायला स्टिरॉइडचे थेंब लागतातच, पण बुबुळावर जखम नाही ना हे त्या हिरवा रंग चढवणाऱ्या पट्टीने बघून मगच. जखमेवर ते पडले तर बुबुळ वितळून भोक पडायची वेळ येते. तुमच्या सासऱ्यांचे थेंब बाजीला बाधले नाहीत, हे नशीब.

दुखतं का? हो, दुखतं. आतला स्नायू आखडतो, उजेडाने आणखी. म्हणून तो डोळा मिटतो. प्रेशर ६ म्हणजे कमी आहे, साधारण १० ते २५ असायला हवं. आतून सूज असली की प्रेशर उतरतं. बाई ॲट्रोपिन देतील, बाहुली मोठी होऊन आखडलेपण सुटेल. पण प्रेशरवर नजर ठेवा. रक्त आणि सूज यांमुळे पाणी निघून जायची वाट बुजली की तेच प्रेशर उलटं चढतं. मग ॲट्रोपिन बंद.

किमोचं दुपारी लिहितो.

मांजरवाली_लोकमान्यनगर
१५ जून, सकाळी ११:०५

मास्तरकाका, तुम्ही मांजरांच्या फुप्फुसाचं लिहिलंत आणि माझ्या हातातलं काम राहिलं. आमची चिंगी १३ वर्षांची होती. गेल्या दिवाळीनंतर लंगडायला लागली. पुढच्या पायाचं एक बोट सुजलं, नख वाकडं झालं. नख मांसात रुतलं म्हणून एका ठिकाणी नख काढलं, पट्टी केली. पंधरा दिवसांनी मागच्या पायाचं बोट सुजलं. परत नख काढून पट्टी. खोकला नाही, धाप नाही, जेवण जरा कमी. मग एक दिवस ती ओट्यावर उडी मारताना चुकली. चिंगी, जिने कधी उडी चुकवली नाही. डोळ्यात बघितलं तर एक बाहुली मोठी, एक लहान.

शेवटी एका तरुण डॉक्टरने तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्या. बोटं, डोळा, वय. म्हणाला छातीचा एक्स-रे काढू. फुप्फुसात लिंबाएवढी गाठ. तिथून पेशी बोटांत आणि डोळ्यात गेल्या होत्या. त्याने डोळ्याचा मागचा पडदा दाखवला होता, त्यात पाचरीच्या आकाराचे फिकट डाग होते, रक्त न पोचल्यामुळे पडलेले. बोट कापून उपयोग नाही, कारण मूळ बोटात नाहीच, असं त्याने स्पष्ट सांगितलं. बहुधा दोनेक महिनेच मिळतात म्हणाला. आम्हाला सहा आठवडे मिळाले.

मी हे कुणाला घाबरवायला लिहीत नाही. म्हाताऱ्या मांजराचं बोट सुजलं, विशेषतः एकापेक्षा जास्त पायांचं, तर पट्टी करण्याआधी छातीचा एक्स-रे मागा. आमचे दीड महिने नखात गेले. मूळ कळलं असतं तरी ती वाचली नसती, पण तिचं नख दोनदा उपटलं गेलं नसतं.

गुलमोहर_राजेंद्रनगर
१५ जून, सकाळी ११:३०

चिंगीबद्दल फार वाईट वाटलं. ओट्यावरची उडी चुकली, हे वाचून थांबले. बाजी परवा दाराच्या चौकटीला धडकला होता आणि मी त्याला "नीट बघ की रे" म्हणाले होते.

काका, रिपोर्टमध्ये तुम्ही म्हणता तसंच आहे, एकसारख्या मोठ्या पेशी.

महू_मास्तर
१५ जून, दुपारी ३:२०

मग पुढचं बोलू. लिम्फोमाच्या पाच टप्प्यांच्या हिशेबात डोळा किंवा हाडांतली मज्जा आली की पाचवा टप्पा धरतात. आकडा ऐकून हातपाय गाळू नका. माणसाच्या चौथ्या टप्प्याची भीती इथे तशीच्या तशी लावू नये, कारण लिम्फोमा सगळ्या टप्प्यांत औषधांना दाद देतो. बी आणि टी या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती, त्यांतल्या बी पेशींचा की टी पेशींचा हे जास्त मोलाचं. टी पेशींचा जास्त चिवट, बहुतेक त्यातच कॅल्शियम चढतं. बाजीचं ठीक आहे, ही जमेची बाजू. नमुन्यातून हे कळतं, सांगून करून घ्या.

औषधं चार-पाच असतात, आलटून पालटून: व्हिंक्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन, सोबत प्रेडनिसोलोन. कुठे सुरुवातीला एल-ॲस्पॅराजिनेज देतात. १९ ते २५ आठवड्यांचा क्रम. दहांतल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी विरतात. विरतात म्हणालो, आजार मुळासकट गेला असं नाही. बहुतेकांत पुढे परत येतो. या उपचारांनी साधारण वर्षभर मिळतं, काहींना जास्त, काहींना कमी. एकटं प्रेडनिसोलोन दिलं तर महिना-दोन महिने. काहीच नाही केलं तर चार ते सहा आठवडे. डोळ्यात पोचलेल्यांचं गणित सरासरीपेक्षा थोडं कच्चं असतं, तेही सांगून ठेवतो.

औषधांचं माप किलोवर नाही, अंगाच्या क्षेत्रफळावर काढतात. म्हणून मोठ्या अंगाच्या लॅब्रॅडॉरचा खर्च छोट्या स्पिट्झच्या खर्चापेक्षा बराच जास्त येतो. पूर्ण क्रमाचा आकडा आधी लिहून घ्या. मध्येच थांबावं लागणं वाईट.

महूला आमचं कॉलेज १९५५ सालचं, तिथल्या दवाखान्यात नेऊन एकदा डोळ्याची सोनोग्राफी आणि पोटाची सोनोग्राफी विचारा. राऊवरून तासाभराच्या आत पोचाल.

खातीपुरा_जुना
१५ जून, रात्री ८:००

ताई, रागावू नका. मी साठी ओलांडलेला माणूस आहे. माझ्या पत्नीची किमो मी जवळून पाहिली आहे. मुक्या जिवाला कशासाठी ते? त्याला काही कळत नाही, आपण आपल्यासाठी करतो. वर्षभर मिळेल म्हणता, पण त्या वर्षातले किती दिवस सुया आणि उलट्यांचे?

गुलमोहर_राजेंद्रनगर
१५ जून, रात्री ९:१०

काका, रागावले नाही. कालपासून मी आणि हे ह्याच प्रश्नाभोवती फिरतोय. ह्यांचं मत तुमच्यासारखंच आहे. माझं ठरत नाही.

महू_मास्तर
१५ जून, रात्री ९:४५

खातीपुराकर, तुमच्या दुःखाला हात जोडून एक फरक सांगतो. माणसात डोस इतका जड असतो कारण तिथे कॅन्सर मुळापासून उपटायचा असतो. कुत्र्याला डोस हलका देतात, कारण हेतू चांगले दिवस देण्याचा असतो. उलटी, जुलाब, दोन दिवस मलूल राहणं, हे होतं. पांढऱ्या पेशी उतरून ताप आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना. लॅब्रॅडॉरचे केस सहसा झडत नाहीत, मिशा जातात. बरीच कुत्री दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत जेवायला बसतात. जे बसत नाहीत त्यांचं थांबवायचं, आणि थांबवायला लाज वाटून घ्यायची नाही.

आणि नाही करायची ठरवली तरी तो निर्णय चुकीचा नाही. मग प्रेडनिसोलोन, डोळ्यांचे थेंब, दुखण्यावर औषध, आणि तो जेवतोय, ओळखतोय तोवर घरी. फक्त घरातल्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याला वाईट, आणि स्टिरॉइडसोबत तर पोटात अल्सर ठरलेला. मांजरवाल्या मंडळींनी पॅरासिटामॉल घरात वरच्या फळीवर ठेवा. मांजराला एक गोळीही जीवघेणी.

गल्लीतले_सात
१६ जून, सकाळी ८:३०

मी मल्हारगंजात आमच्या गल्लीतल्या सात कुत्र्यांना खाऊ घालते. त्यातल्या एका कुत्रीला खाली मांसल गाठ आली आहे, फुलकोबीसारखी, रक्त ठिबकतं. आता तिचा एक डोळा पुढे आल्यासारखा वाटतो. हाही पसरतो का?

महू_मास्तर
१६ जून, सकाळी ९:१५

फुलकोबीसारखी आणि रक्त ठिबकणारी म्हणजे बहुधा टीव्हीटी, ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर. हा फार विलक्षण कॅन्सर. एका कुत्र्याच्या पेशीच दुसऱ्याच्या अंगावर रुजतात, समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून. आपल्याकडे रस्त्यावर भरपूर. बहुतेक वेळा जागच्या जागी राहतो, पण क्वचित नाकात, डोळ्यात, डोळ्याच्या खोबणीत जातो. पुढे आलेला डोळा याचा अर्थ डोळ्यामागे काहीतरी ढकलतंय. दाताच्या मुळाचं गळूही असू शकतं. तोंड उघडायला ती कळवळते का बघा, गळू असेल तर बहुतेक कळवळते.

टीव्हीटी असेल तर आनंदाची गोष्ट आहे. आठवड्याला एक व्हिंक्रिस्टिन, चार ते सहा वेळा, कधी आठ, आणि बहुतेक पूर्ण बऱ्या होतात. मात्र इंजेक्शन शिरेतच गेलं पाहिजे. शिरेबाहेर थेंब गेला तर कातडी जळते. म्हणून रस्त्यावर धरून द्यायचं नाही, दवाखान्यातच. बरी झाली की नसबंदी करून घ्या.

तिलकनगर_तनू
१६ जून, दुपारी १:०५

काका, प्लीज माझंही बघाल का. आमच्या मन्याच्या एका डोळ्याच्या पिवळ्या भागावर तपकिरी ठिपके आलेत. वर्षापूर्वी एक होता, आता पाच-सहा. हा धागा वाचून रात्रभर झोपले नाही. हाही कुठून तरी आलेला कॅन्सर आहे का?

महू_मास्तर
१६ जून, दुपारी २:३०

तनू, तुझा प्रकार उलट्या दिशेचा. बाहेरून डोळ्यात येणारा आणि डोळ्यात सुरू होऊन बाहेर जाणारा, हे दोन वेगळे. मन्याचे ठिपके साधे तीळही असतील. मांजरात हे तीळ होतात, सपाट असतात, वर्षानुवर्षं तसेच राहतात. पण काहींत त्यातूनच बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा मेलॅनोमा होतो, सगळीकडे पसरत जाणारा. मांजराचा हा मेलॅनोमा कुत्र्याच्यापेक्षा वाईट वागतो. कुत्र्याचा डोळ्यातला मेलॅनोमा बाहेर क्वचितच जातो. मांजराचा यकृतात, फुप्फुसात जाऊ शकतो, तोही कधी कधी डोळा काढल्यानंतर काही वर्षांनी.

एक काम कर. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून फोटो काढ. ठिपके उंचावले, मखमलीसारखे दिसू लागले, एकमेकांत मिसळले, बाहुलीचा गोल वेडावाकडा झाला किंवा दोन बाहुल्या एकसारख्या राहिनाशा झाल्या तर लगेच डोळ्याच्या डॉक्टरांकडे. एरवी सहा महिन्यांनी. आज रात्री झोप.

सुदामानगर_९
१६ जून, दुपारी ४:००

एक भर घालतो. आमची मांजर, १५ वर्षं, एका रात्रीत आंधळी झाली, डोळ्यात रक्त. कॅन्सरच धरून चाललो होतो. डॉक्टरांनी पायाला पट्टा बांधून बीपी मोजलं, २२० च्या वर. किडनीमुळे बीपी चढलेलं, त्याने डोळ्याचा मागचा पडदा सुटला होता. बीपीचं औषध ॲम्लोडिपिन सुरू केलं, एका डोळ्याने थोडं परत दिसायला लागलं. डोळ्यात रक्त दिसलं की मांजराचं बीपी आधी मोजून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

महू_मास्तर
१६ जून, दुपारी ४:२०

हे मीच आधी लिहायला हवं होतं. धन्यवाद.

गुलमोहर_राजेंद्रनगर
२ जुलै, रात्री १०:००

उशीर झाला, माफ करा. आम्ही सुरू केली. ह्यांना पटवलं नाही मी, ते स्वतःच पटले. बाजी त्यांच्या चपला तोंडात धरून दाराशी बसला होता. दिसत नव्हतं नीट तरी वासावर चपला शोधल्या होत्या. "दोन इंजेक्शनं बघू, मग ठरवू," म्हणाले.

नमुना बी पेशींचा निघाला. पीसीआर निगेटिव्ह. मज्जा तपासली नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या त्याने उपचार बदलणार नाहीत, मग कशाला टोचायचं. डॉक्सोरुबिसिनच्या आधी हृदयाची सोनोग्राफी करायची आहे, ते हृदयावर जातं म्हणे.

दोन व्हिंक्रिस्टिन झाली, एक सायक्लोफॉस्फामाइड झालं. मानेतल्या गाठी पाचव्या दिवशी हाताला लागेनाशा झाल्या. मी दिवसातून दहादा चाचपडते. डाव्या डोळ्यातलं रक्त जिरलं. उजव्यात अजून धुकं आहे. टॉर्च आडवी धरली की आतलं पाणी गढूळ दिसतं, कवडशात धूळ दिसते तसं. बाई म्हणतात ती प्रथिनं, सूज उतरली की पाणी स्वच्छ होईल. दर चार तासांनी थेंब. आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर गजर लावलेत, सासऱ्यांच्या सुद्धा.

एक गोष्ट इथे कोणी लिहिली नव्हती. औषध दिल्यावर तीन दिवस त्याची शू, शी, उलटी हातमोजे घालून उचलायची. माझी जाऊबाई सहा महिन्यांची गरोदर आहे, ती सध्या त्याच्या जवळ फिरकत नाही, आणि बाजीला ते कळत नाही. तिच्या दाराशी जाऊन बसतो. सायक्लोफॉस्फामाइडनंतर पाणी भरपूर पाजायचं आणि सारखं बाहेर न्यायचं, नाहीतर मूत्राशयाला सूज येऊन शूमधून रक्त जातं. रात्री दोनला आम्ही गल्लीत उभे असतो. परवा पहारेकरी म्हणाला, "बाजी भैया की ड्यूटी लगी है क्या?"

खातीपुरा_जुना
३ जुलै, सकाळी ७:१५

वाचलं. चपलांचं वाचून बरं वाटलं. कळवत राहा बेटा.

गल्लीतले_सात
१९ जुलै, संध्याकाळी ६:४०

आमच्या कुत्रीची बातमी. टीव्हीटीच होता, तपासून घेतलं. डोळ्यामागे मात्र दाढेचं गळू निघालं, दाढ काढली, डोळा मागे गेला. चौथं व्हिंक्रिस्टिन परवा. गाठ वाटाण्याएवढी राहिली आहे. मास्तरकाका, तोंड उघडून बघा म्हणालात ते बरं झालं.

गुलमोहर_राजेंद्रनगर
२८ ऑगस्ट, रात्री ११:२०

आज उजवा डोळा काढला.

गेल्या आठवड्यात तो अचानक जेवेना, भिंतीला कपाळ टेकून उभा राहायला लागला. मला वाटलं आजार परत आला. गाठी चाचपल्या, काही नाही. डोळा मोठा, दगडासारखा. प्रेशर ४८. काका, तुम्ही जूनमध्ये लिहिलं होतं, पाणी जायची वाट बुजली की उलटं चढतं, तेच झालं. ॲट्रोपिन केव्हाच बंद होतं. डॉर्झोलामाइड-टिमोलॉलचे थेंब दिले, दोन दिवस ३० वर आलं, मग परत चढलं. त्या डोळ्याने त्याला दिसत नाहीच, हे नक्की झालं. बाई म्हणाल्या, माणसाला असं प्रेशर चढलं तर डोकं फुटायची वेळ येते, हा बोलत नाही इतकंच. न दिसणारा, दुखणारा डोळा ठेवून काय मिळवायचं?

पांढऱ्या पेशी बऱ्या असलेल्या आठवड्यात ऑपरेशन ठेवलं. डोळा तपासायला पाठवला आहे. घरी येऊन चार तास झाले, झोपला आहे. चेहरा एका बाजूने शिवलेला बघून सासरे उठून आत गेले.

मांजरवाली_लोकमान्यनगर
२८ ऑगस्ट, रात्री ११:५०

जागी आहे. हवं तर फोन कर.

गुलमोहर_राजेंद्रनगर
३० ऑगस्ट, सकाळी ८:१०

मंडळी, तो जेवला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाटी चाटून पुसून ठेवली आणि ह्यांच्या ताटातला पोळीचा तुकडा पळवला. इतके दिवस तो सुस्त आहे ते किमोमुळे, असं आम्ही धरून चाललो होतो. ते डोळ्याचं दुखणं होतं. हे कळायला डोळा काढावा लागला. महिनाभर आधी काढायला हवा होता, हे मी इथे लिहून ठेवते. माझ्यासारखं कोणी "डोळा वाचवू, डोळा वाचवू" करत बसलं असेल तर त्यांनी प्रेशर दर आठवड्याला मोजून घ्या.

महू_मास्तर
३० ऑगस्ट, सकाळी ९:००

एका डोळ्याची कुत्री फार लवकर सावरतात. घरातलं सामान सध्या हलवू नका. रस्त्यावर त्याच्या उजव्या बाजूला तुम्ही चाला, न दिसणाऱ्या बाजूने वाहन आलं तर दचकेल. डाव्या डोळ्याचं प्रेशर आता दर भेटीला.

गुलमोहर_राजेंद्रनगर
२१ सप्टेंबर, रात्री ९:३०

काढलेल्या डोळ्याचा रिपोर्ट आला. कडीत आणि कोरॉइडमध्ये लिम्फोमाच्या पेशी होत्या, बऱ्याच मेलेल्या, काही जिवंत. बाई म्हणाल्या, काढला ते बरंच झालं. डाव्याचं प्रेशर १४. पडदा स्वच्छ. गाठी नाहीत. डॉक्सोरुबिसिनच्या आधीची हृदयाची सोनोग्राफी ठीक निघाली होती, आता त्याचे दोन डोस झालेत.

आज सकाळी पिपल्यापाल्याच्या बागेत नेलं होतं. तळ्याच्या कडेने चालला, बदकांवर भुंकला. वाकडं डोकं करून बघतो आता, डावा डोळा पुढे काढून. एका लहान मुलीने विचारलं, ह्याचा डोळा कुठे गेला. मी सांगितलं, दुखत होता म्हणून डॉक्टरांनी काढला. तिने हात पुढे केला, आणि बाजीने आधी हात हुंगला, मग तिच्या पोह्यांचा द्रोण.

पुढचं व्हिंक्रिस्टिन शनिवारी. दहा आठवडे राहिलेत. जाऊबाईला मुलगी झाली. बाजी अजून तिच्या दाराशीच बसतो.